दगडी कोळसा आणि खाराची चोरी

मी एका प्रामाणिक माणसाला चोर ठरवलं, आणि शास्त्राचा आधार देऊन ठरवलं. नुसत्या संशयावरून बोललो असतो तर लोकांनी मलाच मूर्ख म्हटलं असतं आणि तो सुटला असता. पण मी बी.एस्सी. होतो, आणि बंदरावर दुसरा बी.एस्सी. नव्हता.

महायुद्ध संपून पाचसात वर्षं झाली होती. आमच्या बंदरावर एका गुजराती शेटचा सोडावॉटरचा कारखाना होता आणि शेजारीच त्याची शिंपले भाजून चुना करायची भट्टी. चुना भाजताना जो वायू हवेत जातो तोच सोड्यात लागतो, हे मी शेटला सांगितलं आणि नोकरीला लागलो. रीत जुनीच होती. भट्टीचा धूर साध्या पाण्यातून धुऊन घ्यायचा आणि मग पोटॅश विरघळवलेल्या पाण्यातून सोडायचा. हे पाणी थंड असताना वायू पितं, उकळलं की ओकतं, निवलं की पुन्हा प्यायला तयार. कामगार त्याला खार म्हणत. पोटॅश परदेशातून येई. म्हणून एकदा केलेला खार जास्तीत जास्त महिने टिकवणं, हेच माझं खरं काम.

भट्टी आणि खाराचं पिंप सांभाळायला एक पन्नाशीचा माणूस होता. वडिलांपासून चुना भाजणाऱ्या घरातला. मी त्याला मामा म्हणे, तो मला मास्तर. खार उकळून निवला की तो त्यात हळद माखलेली चिंधी बुडवी. चिंधी कुंकवासारखी लाल झाली की म्हणे, "जिता हाय." मला हसू येई. खार तपासण्यासाठी माझ्या काचेच्या नळ्या होत्या. म्हणजे मुंबईहून यायच्या होत्या.

पहिलं वर्ष छान गेलं. मग मला सुधारणा सुचली. भट्टीत ऐनाची लाकडं जळत. धक्क्यावर आगबोटींचा दगडी कोळसा उरलेला असे, तो जागा कमी घेई आणि आच जास्त देई. मी शेटला पटवलं. मामाला पटलं नाही.

"मास्तर, ह्या धुराची घाण वेगली हाय. खोकला सुटतो."

"मामा, धूर तो धूर. तुम्ही खोका, खार थोडाच खोकणार आहे?"

आजूबाजूचे हसले. मीही हसलो. विनोद चांगला होता, हे मला अजून वाटतं. त्याचंच वाईट वाटतं.

दोन महिन्यांत बाटल्या मुक्या झाल्या. गोटी दाबली तरी फसफस नाही. गिऱ्हाइकं म्हणत, हे तर विहिरीचंच पाणी. मामाने चिंधी बुडवली ती पिवळीची पिवळी राहिली. "खार मेला, मास्तर," तो म्हणाला. मी म्हणालो, खार मरत नसतो, कुणीतरी काढून नेतो. उकळताना आटलेलं पाणी भरून काढायचं काम मामाचं. तेव्हा हंडाभर खार घरी आणि हंडाभर पाणी पिंपात, हा हिशेब मला लगेच सुटला. अवघड गोष्ट इतकी लगेच सुटली तर माणसाने थांबावं, हे कॉलेजात शिकवत नाहीत.

मी त्याच्या झोपडीवर गेलो. दारात त्याची बायको मडक्यातल्या पाण्यात लुगडं भिजवत होती. मी त्यात बोटं घातली. बुळबुळीत लागली, खारात बुडवल्यासारखी.

"हे काय?"

"केलीची राख, मास्तर. रातभर भिजवायची न् वरचं पानी घ्यायचं. तुमची आई धुनं कशात धुते?"

माझी आईसुद्धा राखेच्याच पाण्यात धुवायची. घरोघर तसंच होतं. केळीच्या राखेत पोटॅश असतो, हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. तरी मी मान डोलावली आणि कारखान्यात येऊन, खार मामाच्या घरी जातो असा इंग्रजीत चार पानी अहवाल लिहिला.

शेटला इंग्रजी येत नव्हतं. म्हणून त्याला तो फारच पटला. दुपारची आगबोट लागली असताना, भरल्या धक्क्यावर, त्याने मामाला चोर म्हणून हाकललं. मामा माझ्याकडे बघत म्हणाला, "मास्तर, तुम्ही सांगा." मी वहीत काहीतरी लिहीत असल्यासारखं केलं.

पंधरा दिवसांनी नळ्या आल्या. मेलेला खार आटवला, खाली भरपूर पांढरे खडे उरले; नुसतं पाणी मिसळलेलं असतं तर इतके उरले नसते. त्यांवर आम्ल टाकलं. जिता खार असता तर फसफसून उठला असता; इथं नावाला चार बुडबुडे आले. दुसरी तपासणी केली आणि उलगडा झाला. दगडी कोळशात गंधक असतो. त्याच्या धुराने पोटॅशशी अशी गाठ मारली होती की कितीही उकळा, सुटत नाही. साध्या पाण्याने तो धूर पुरता धुतलाही जात नव्हता. खार चोरीला गेला नव्हता. पिंपातच होता, माझ्या सुधारणेने मारलेला.

मी काय केलं? "लाकूड बरं पडतं," एवढंच शेटला सांगून कोळसा बंद केला आणि नवा खार भरला. तो वर्षभर टिकला. शेट येईल त्याला सांगे, "चोर गयो ने खार टक्यो." माझा पगार वाढला. खार जिता आहे की नाही ते मी हळदीच्या चिंधीनेच बघू लागलो, कारण नळ्या फुटल्या होत्या. नवीन कामगार त्याला मास्तरांची चिंधी म्हणत. मी दुरुस्त करत नसे.

अशी आठ वर्षं गेली. मग एका नाखव्याकडून कळलं की मामा दिवेआगरला एका वाडीत रहाट ओढतो. धक्क्यावर त्याला पुन्हा कुणी काम दिलं नव्हतं. मी गेलो. सुपारीच्या झाडांखाली तो बसला होता, खूप वाळलेला. मी सगळं सांगितलं. गंधक, गाठ, सगळं. हात जोडले.

तो म्हणाला, "चोर कुठं म्हनलं मला?"

"धक्क्यावर."

"न् माफी इथं मागताय व्हय? ह्या सुपाऱ्यांनी मला कधी चोर म्हनलं न्हाय."

आतून बायको म्हणाली, "मास्तरला पानी द्या. गोऱ्या तोंडाचा मानूस, उन्हातून आलाय."

पुढच्या आठवड्यात मी बोलावल्यावरून मामा नाखव्याच्या होडीतून धक्क्यावर आला, बायकोला घेऊन. दुपारची आगबोट लागत होती. हमाल होते, मासळीवाल्या होत्या, शेट खुर्चीवर होता. मी बोलू लागलो तसा शेट पुटपुटला, "जवा दो ने, मास्तर. खार टिकतोय ना?" मी थांबलो नाही. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोललो.

मी म्हणालो, "ह्या माणसाने खार चोरला नाही. दगडी कोळसा घालून तो मी बिघडवला. कोळसा नको, असं ह्यांनी मला आधी सांगितलं होतं, आणि मी ह्यांना हसलो. ह्यांच्या बायकोने खरं सांगितलं तेही मी खोटं ठरवलं. पंधरा दिवसांत मला माझी चूक कळली होती आणि आठ वर्षं मी गप्प बसलो. मामा, मामी, तुम्ही दोघंही मला माफ करा."