उमाची जड बॅग

अंबरनाथच्या कारखान्याच्या कॉलनीत दर गणपतीत नाटक होतं आणि गेली वीस वर्षं त्यातली सून उमाच असते. नाटक लिहिणारे तिचे सासरे, अण्णा. कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झाले, पण घरात अजून त्यांच्या परवानगीशिवाय पान हलत नाही. त्यांच्या प्रत्येक नाटकात सून तिसऱ्या अंकात घर सोडायला बॅग उचलते, दारापर्यंत जाते आणि डोळे पुसत परत येते. टाळ्या पडतात, पडदा पडतो आणि उमा घरी जाऊन कुकर लावते.

यंदा ती नोकरी करते त्या कंपनीनं तिला नाशिकच्या शाखेची प्रमुख म्हणून बोलावलं होतं. नवरा पुष्कर म्हणाला, "माझी ना नाही, फक्त अण्णांना विचार." तिनं विचारलं. अण्णा म्हणाले, "बघू." या 'बघू'चा अर्थ कॉलनीतल्या मांजरालाही ठाऊक होता. उमाला राग आला, आणि तो यायलाच हवा होता.

अण्णा विंगेत बसून स्वतः प्रॉम्प्टिंग करत. त्यांना ऐकू कमी येई, त्यामुळे त्यांची कुजबुज चौथ्या रांगेपर्यंत जाई. शिवाय बॅगेवरून त्यांची कटकट असे. नाटकातल्या बॅगेत रद्दी कोंबलेली असते आणि नट ती फुलासारखी उचलतात. अण्णा भडकत. "घर सोडणाऱ्या बाईची बॅग आहे ती. वजन दिसू दे."

यंदाच्या प्रयोगात वजन दिसलं. उमा बॅग उचलताना चांगलीच वाकली. नाटकातला नवरा, म्हणजे बदलापूरचा अवधूत, ठरल्याप्रमाणे पाठ फिरवून उभा होता. उमानं दार उघडलं, उंबरठा ओलांडला आणि थेट विंगेत अण्णांच्या खुर्चीपुढे येऊन उभी राहिली.

"थांबते. मागे वळते," अण्णा कुजबुजले.

"नाही वळत, अण्णा."

प्रेक्षकांनी कान टवकारले. दाराबाहेर सासराच बोलतोय असं त्यांना वाटलं, आणि त्यात काही चूक नव्हती.

"अगं, पण वळायचंय."

"वीस वर्षं वळले की."

तिला अडवायला अण्णांनी बॅगेचा बंद धरला आणि त्यांचा हात झपकन खाली गेला. आत रद्दी नव्हती.

"भरलेली आहे ही."

"उद्या सकाळी निघतेय नाशिकला. हो म्हणून कळवून टाकलंय."

रंगमंचावर अवधूत घाम पुसत होता. अण्णा हातातली पानं उलटत राहिले. उंबरठ्यापलीकडे गेलेल्या बाईचं पुढे काय होतं, हे त्यांनी कधी लिहिलंच नव्हतं. त्यांना वाईट वाटलं, आपल्या नाटकांबद्दलही आणि सुनेबद्दलही.

"शनिवारी येशील?"

"दर शनिवारी येईन."

"मग जा. कुकर मी लावीन."

हेही चौथ्या रांगेपर्यंत गेलं. आधी तिथल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी. अण्णांनी पडद्याची घंटा दिली. आता शब्द फिरवायची सोय उरली नव्हती, अर्धी कॉलनी साक्षीला होती.

घरी परतताना बॅग अण्णांनीच उचलली. दोनदा हात बदलला, पण पुष्करला दिली नाही. जिन्यात ते थांबले आणि जन्मात पहिल्यांदा खऱ्या हळू आवाजात म्हणाले, "उमा, तांदळाला पाणी किती घालायचं, तेवढं सांगून जा."