मधुवंतीच्या लग्नाचे फोटो

पद्माकर दिघे जहाजांचे सर्वेक्षक म्हणून सिंगापूरला आले आणि चाळीस वर्षं क्लेमेंटीतच राहिले. नोकरी बंदरावर, पण जीव कॅमेऱ्यात. गंजलेला पत्रा, दोरखंडाची सावली, पाण्यावरचा तेलाचा तवंग अशा कृष्णधवल फोटोंचं इथल्या मराठी मंडळींतलं पहिलं प्रदर्शन त्यांनी भरवलं. "यात जहाज कुठंय?" असं कुणी विचारलं, की तासभर आधुनिक कला समजावून सांगत. फोटो म्हणजे नुसती आठवण नव्हे, हे लोकांना पटवायचंच, असा हट्ट होता.

१९९१ साली त्यांचे मित्र, चीफ इंजिनिअर पांडुरंग साने, यांच्या मुलीचं लग्न इथंच झालं. फोटोंचं काम दिघ्यांनी आपणहून अंगावर घेतलं. वर अट घातली, दुसरा फोटोग्राफर नको. चार महिन्यांनी साने जहाजावरच हृदयविकारानं गेले.

गेल्या वर्षी ती मुलगी, मधुवंती, सिंगापुरातल्याच बिशानहून त्यांच्या घरी आली.

"पद्माकरकाका, माझ्या तन्मयचं लग्न ठरलंय. त्याला आजोबा दाखवायचेत. घरी बाबांचे नुसते पासपोर्टचे फोटो आहेत, कपाळाला आठ्या घातलेले. माझ्या लग्नात ते खूप हसले होते. अल्बममध्ये तसा फोटो नाही, पण निगेटिव्हमध्ये एखादा असेल ना?"

निगेटिव्ह सगळ्या जपलेल्या होत्या. दोघांनी त्या खिडकीशी धरून एकेक पाहिल्या. कन्यादानाचं पाणी सोडणारे हात होते. उपरण्याचा काठ होता, पाठमोरे खांदे होते. सान्यांचा चेहरा कशातच नव्हता.

"एखादा रोल हरवला असेल," मधुवंती म्हणाली.

हो म्हणणं सोपं होतं.

"नाही गं," दिघे म्हणाले. "ते हसले तेव्हा मी समोरच होतो. कॅमेरा डोळ्याला लावलेला होता. हसरे चेहरे काय, कुणीही काढतो, असं वाटलं आणि मी तो खाली घेतला."

"कशावरून हसले होते?" तिनं विचारलं.

"भटजी काहीतरी बोलले. मान मागे टाकून हसले... की तोंडावर हात धरून?" दिघ्यांना नक्की आठवेना. थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "हा हातांचा फोटो मोठा करून देऊ?"

"नको काका. राहू दे."

लिफ्टपर्यंत सोडायला गेले, तेव्हा मधुवंतीनं त्यांना वाकून नमस्कार केला. दिघ्यांना तोंडातून आशीर्वादही काढता आला नाही.