आईच्या परवानगीचा फोन

माझं वय सत्तेचाळीस आहे आणि माझ्या फोनवर कुठलंही ॲप घ्यायचं असेल तर आईची परवानगी लागते.

तसा मी फोनमधला जाणकार. (हे मत माझं आहे; इतर कोणाचं असल्याचं ऐकिवात नाही.) बोळिंजच्या आमच्या सोसायटीत बाकावर बसून मी लोकांना ऐकवत असे, "ती महागड्या फोनची सिस्टीम म्हणजे नुसता सोन्याचा पिंजरा! कंपनी देईल तेच ॲप घ्यायचं. छे! फोन आपला, तर हुकूमही आपलाच चालला पाहिजे!" माणसं माना डोलवायची आणि एकेक करून उठून जायची.

माझी आई अर्नाळ्याला राहते. आजही बाजारात मासळीची पाटी लावते. तिला मी नवा फोन घेऊन दिला. ही दिसेल ते दाबणार, नको ते ॲप घेणार आणि फसणार! म्हणून एका रविवारी मी दोन्ही फोन समोर घेऊन बसलो.

"आये, आता तुला कुठलंही ॲप घ्यायचं झालं, तर आधी मला निरोप येईल. मी 'मंजूर' म्हटलं तरच मिळेल."

"आनि तू कोनाला विचारशील?"

"मी? मी कशाला कोणाला विचारू!"

आईसाठी सगळं मराठीत ठेवलं होतं. फोनने विचारलं, 'हा फोन पालकाचा की पाल्याचा?' फोन आईच्या हातातला. आई म्हणजे पालकच की! दाबलं 'पालक'. मग माझा फोन घेतला. मी तिचा मुलगा, म्हणजे पाल्य. दाबलं 'पाल्य'. पुढे चार पानं अटी होत्या, त्या जाणकार माणसाच्या पद्धतीने (म्हणजे न वाचता) मान्य केल्या आणि कोळंबीभात खाऊन विजयी मुद्रेने घरी आलो.

सोमवारी सातिवलीला, आमच्या गोदामात, शेठने सगळ्यांना गेटवर गोळा केलं. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची नोंद त्या दिवसापासून नव्या ॲपवर व्हायची होती. वहीला कुलूप! "प्रकाश, तू यातला एक्सपर्ट. पहिलं तुझ्या फोनवर घे," शेठ म्हणाला. बाहेर पाच ट्रक उभे. मी ऐटीत बोट टेकवलं. पडद्यावर अक्षरं आली: 'पालकाला विचारा.'

शेठ माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. "पालक? भाजीचं ॲप उघडलंस काय रे?"

आता कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला! पण सुटकेचं बटण आईच्या फोनात, आणि आई अर्नाळ्याच्या बाजारात. ट्रकवाले हॉर्न वाजवायला लागले. मी फोन लावला. शेठ म्हणाला, "स्पीकरवर टाक."

"काय रे परकाश? मी गिऱ्हाइकात हाय!"

"आये, तुझ्या फोनवर निरोप आला असेल. फक्त 'मंजूर' दाब."

"थांब. वाचू दे." आई चौथी शिकलेली, पण शिकली ते पक्कं. एकेक शब्द सुटा करून ती वाचायला लागली. "हे ॲप... तुमच्या ओळखीच्या मानसांचे नंबर बघेल. तुमचे फोटो बघेल. तुमचा आवाज ऐकेल..." मग तिने विचारलं, "परकाश, तुम्ही तिथं गाड्याच मोजता ना?"

"हो गं."

"मग आवाज कशाला ऐकायला पायजे? तुमचे ट्रक गातात काय?"

हमाल, वॉचमन, सगळे खो खो हसायला लागले. मी दात-ओठ खात म्हणालो, "आये, सगळ्याच ॲपमध्ये असं असतं! कोणी वाचत नाही!"

"मी कल्ला उघडून बघितल्याबिगर मासा घेत नाय, आनि हे न बघता घेऊ?"

शेवटी शेठनेच फोन हातात घेतला. "काकी, नमस्कार. मी प्रकाशचा शेठ बोलतो. दाबा ना, गाड्या खोळंबल्यात."

"शेठ, तुम्ही वाचलंय काय हे?"

शेठने माझ्याकडे बघितलं. मी ट्रककडे बघितलं.

"नाय, काकी."

"मग आधी वाचा. मी हायच हितं." आणि फोन बंद!

शेठला एवढ्या लोकांत असं ऐकवणारं माणूस मी आजवर पाहिलं नव्हतं. माझी नोकरी गेली असं समजून मी डबा कुठे ठेवलाय ते आठवू लागलो. पण शेठ खुर्चीवर बसला, चष्मा लावला आणि खरंच वाचायला लागला. वाचता वाचता त्याचे कान लाल झाले. त्याने तिथूनच ॲप बनवणाऱ्याला फोन लावला. "अरे, माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांचे नंबर तुला कशाला पायजेत?" पलीकडून उत्तर आलं, "सर, ते आमच्या सगळ्याच ॲपमध्ये आपोआप येतं. नको असेल तर काढून देतो."

आपोआप! कुलूप उघडून वही बाहेर आली, ट्रक आत आले. दुपारी सुधारलेलं ॲप आलं. आईने ते पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचलं आणि मंजूर केलं. वर निरोप पाठवला: 'आता ताजा हाय.' आणि शेठने मला, एक्सपर्टला, सांगितलं, "यापुढे काय पण नवीन आलं की पहिलं काकींना दाखव."

संध्याकाळी मी थेट अर्नाळा गाठलं. ओट्यावर शेजारच्या तीन बायका आपापले फोन घेऊन आईभोवती बसल्या होत्या. आई एकेकीचा फोन हातात घेऊन सांगत होती, "हा विजेरीचा ॲप तुझे फोटो मागतो, जयवंती. काढून टाक." हुकूम आपला चालला पाहिजे, असं मी वर्षानुवर्षं बाकावर बसून ओरडत आलो, पण तो चालवायचा कसा, ते आईने एका दिवसात करून दाखवलं. खरं सांगतो, ऊर भरून आला. पण अब्रूचाही प्रश्न होता.

"आये, झालं ते झालं. आता मला मोकळं कर."

"करते की." तिने मी सांगितलं तिथे तिथे दाबलं. शेवटी फोनने तिला विचारलं, 'तुमचा पाल्य स्वतःचे निर्णय स्वतः घेऊ शकतो का?'

आईने ते मोठ्याने वाचलं. बायका माझ्याकडे बघायला लागल्या. आईनेही चष्म्यावरून मला डोक्यापासून पायापर्यंत नीट न्याहाळलं.

आणि 'नाही' दाबलं.