दसऱ्याला गाडी दोन तास अडून बसली

सगळ्यात आधी गफूरचाचांचं नाव घेतो. परतूरला स्टेशन रोडवर त्यांचं डिझेल गाड्यांचं गॅरेज होतं. आज मी जालन्याला एमआयडीसीतल्या एका स्टील कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअर आहे, घरातला पहिला पदवीधर आहे, आणि माझ्या हातात जे काही कसब आहे ते त्यांचं आहे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी माझे तीन विषय राहिले, तेव्हा मी पुस्तकं बांधून ठेवली होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, धान्याच्या मोंढ्यात हमाल. त्यांच्यासोबत पोती उचलायला जायचं मी ठरवलं होतं. चाचा स्वतः उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. त्यांनी एक उघडं इंजिन माझ्यासमोर ठेवलं, हातात खडू दिला आणि म्हणाले, "फरशीवर काढ. तुझ्या पुस्तकात काय लिव्हलंय ते मला समजून सांग. मला समजलं, तर तू पास." थर्मोडायनॅमिक्स मला त्या तेलकट फरशीवर कळलं.

या सदरातले गूढ अनुभव मी नेहमी वाचतो, पण खरं सांगतो, वाचताना मनात कारणच शोधत असतो. आवाज आला तर पत्रा तापला असेल, सावली दिसली तर दिवा हलला असेल. माझा धंदाच तो आहे. मशीन बंद पडलं की कारण असतंच, फक्त सापडायचं असतं. पण ज्या बिघाडामुळे माझे अण्णा वाचले, तो बिघाड मला अजून सापडलेला नाही... म्हणून लिहितो आहे.

परतूरला आमच्या घरामागे पत्र्याचं शेड आहे. दोन वर्षं दर रविवारी मी तिथं एक जुनी हॅचबॅक दुरुस्त करून उभी करत होतो. त्या गाडीला मी टर्बो बसवला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक छोटा पंखा फिरतो आणि तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. तेवढ्याच इंजिनातून मग दीडपट ताकद निघते. माझा टर्बो भंगारातल्या एका डिझेल गाडीचा होता. बाकीचे पाईप मी स्वतः कापून, वेल्डिंग करून जोडलेले.

अण्णांना यातलं काही पटायचं नाही. "एवढा शिकला आणि भंगार जोडून राह्यला," ते म्हणायचे. पण रविवारी संध्याकाळी हळूच शेडमध्ये येऊन बॉनेटखाली डोकावायचे आणि विचारायचे, "काय म्हणून राह्यला तुझा पंखा?"

पंखा बऱ्याच गोष्टी म्हणत होता. आधी जोर धरला की इंजिन अडखळायचं. प्लग बदलले, कॉइल बदलली, पेट्रोलचा पंप बदलला... दोन महिने गेले. शेवटी सगळ्या नळ्यांवर साबणाचं पाणी फिरवून आतून हवा सोडली, तर एका रबरी जोडाखाली मोहरीएवढा बुडबुडा आला. तो बंद केल्यावर गाडी पळायला लागली. मी ती मंठा रोडनं कितीतरी वेळा पळवली. मग निळा धूर सुरू झाला. टर्बोतून तेल खाली परत नेणारा पाईप मी एका जागी वर वाकवला होता, त्यामुळे तेल तिथं तुंबत होतं. खंडेनवमीच्या दिवशी दुपारी तो पाईप बदलून झाला, आणि माझ्या हिशेबानं गाडी तयार झाली.

दुसऱ्या दिवशी दसरा. अण्णांना घेऊन आष्टीला आत्याकडे सोनं द्यायला जायचं, असं ठरलं होतं. मोकळ्या रस्त्यावर एकदा गाडी पूर्ण जोरात पळवून दाखवायची, हेही मी त्यांना कबूल केलं होतं. इथं एक गोष्ट सांगून ठेवतो. त्या गाडीचं डावीकडचं दार आतून उघडत नव्हतं. आतली मूठ तुटलेली होती आणि तो भाग मिळत नव्हता. आत बसलेल्या माणसाला कुणीतरी बाहेरून दार उघडून द्यावं लागायचं. शिवाय अण्णांचे गुडघे गेलेले.

आता खंडेनवमीच्या दुपारी काय झालं ते सांगतो, कारण चूक तिथं झाली आणि ती पूर्णपणे माझी आहे. टर्बोचा पंखा मिनिटाला लाखभर फेरे घेतो, त्याला पहिल्या क्षणापासून तेल लागतं. म्हणून नवीन काम केल्यावर आधी त्याच्या तोंडाशी तेल आणून घ्यायचं असतं. त्यासाठी मी पेट्रोलच्या पंपाचा फ्यूज काढला, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. मग टर्बोला तेल नेणाऱ्या नळीचा बोल्ट सैल केला आणि स्टार्टर फिरवला. बोल्टाशी तेल आलं. मी बोल्ट बोटानं वळवून बसवला आणि आता पाना लावणार, तेवढ्यात आईनं घरातून हाक मारली.

"संतू, पाने आण सगळे. पाट मांडलाय, मुहूर्त चाललाय."

आमच्याकडे खंडेनवमीला अवजारं पूजतात. अण्णांचा हमालीचा आकडा, आईचा विळा, माझे पाने. एकदा हळद-कुंकू लागलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. मी हातातला सतरा नंबरचा पाना पुसला आणि बाकीच्यांसोबत पाटावर नेऊन ठेवला. संध्याकाळी शेडमध्ये परत गेलो, हवेची नळी हातानं जोडली, फ्यूज हातानं बसवला. ज्याला पाना लागत नव्हता ते सगळं केलं. ज्याला लागत होता ते विसरलो. वर मोबाईलमध्ये माझी कामाची यादी असते, त्यात "ऑइल बोल्ट आवळला" यापुढं टिकही केलेली होती. पाना हातात घेतला तेव्हाच केली असणार.

दसऱ्याच्या सकाळी आईनं गाडीला झेंडूचा हार घातला. अण्णा पांढरा शर्ट घालून पुढच्या सीटवर बसले. माझी बहीण मनीषा मागं, मांडीवर लॅपटॉप घेऊन. टर्बोचे आकडे बघायचं काम तिचं असायचं. मी किल्ली फिरवली.

स्टार्टर फिरला. इंजिन पेटलं नाही.

हीच गाडी आदल्या दिवशी सकाळी अर्ध्या किल्लीत सुरू झाली होती. तुमच्यापैकी काहींनी आत्ताच मनात म्हटलं असेल, फ्यूज. मीही पहिल्यांदा तोच बघितला. फ्यूज जागेवर होता, पंप गुणगुणत होता, पेट्रोलचा दाब बरोबर होता. प्लग काढून बघितले, चारहींना पेट्रोल पोचलेलं आणि ठिणगी निळी, जोरदार. बॅटरी भरलेली. लॅपटॉपवर सगळ्या सेन्सरचे सिग्नल येत होते. इंजिनला हवा, पेट्रोल आणि ठिणगी लागते. तिन्ही होतं, आणि इंजिन नुसतं फिरत होतं.

तासाभरानं मनीषा म्हणाली, "दादा, टर्बो राहू दे. बैल जुंपू आपण."

"तू आकडे बघ," मी म्हणालो.

"आकडे बराबर आहेत. गाडीच बराबर न्हाई."

शेजारचे किराणावाले लाहोटी काका आपट्याची पानं घेऊन आले आणि दारातच उभे राहिले. "इंजिनिअर साहेब, मी सांगितल्तं तुम्हाला, नवी गाडी घ्या म्हणून. धक्का मारू का?" त्यांनी गल्लीतली चार माणसंही बोलावली. मला ते पटलं. धक्का मारून गाडी बहुतेक सुरू होते, आणि मला खूप लाज वाटायला लागली होती. "अण्णा, उतरा जरा," मी म्हणालो आणि बाहेरून दार उघडलं.

अण्णा उतरले नाहीत. "दोन तास झाले, तू तिच्याशी झगडून राह्यला," ते म्हणाले. "गफूरमियाँ इथं असते तर त्यांनी काय केलं असतं?"

चाचांनी उलटी गिनती केली असती. ती त्यांची रीत होती. काम संपल्यावर, गाडी सुरू करायच्या आधी, सगळ्यात शेवटी जे बसवलं तिथून सुरुवात करायची आणि मागं मागं जायचं. प्रत्येक गोष्टीला हात लावायचा आणि मोठ्यानं बोलायचं, "हे बसवलं, हे आवळलं." डोळे मिटून केलं तर उत्तम. "बेटा, डोळा झूठ बोलतो," ते म्हणायचे. "हात न्हाई बोलत." कारखान्यात लागल्यापासून मी हे सोडलं होतं. मोबाईलमध्ये यादी होती ना.

चार माणसं आणि लाहोटी काका बघत असताना मी बॉनेटवर वाकलो आणि डोळे मिटले. "फ्यूज बसवला." हात पुढं. "हवेची नळी बसवली." हात पुढं. "ऑइलचा बोल्ट आवळला," असं तोंडातून निघालं, आणि बोल्ट माझ्या बोटासोबत फिरला.

मी डोळे उघडले. त्या बोल्टाच्या चार बोटं खाली धुराचा पाईप आहे. तो थंड असताना त्यावर तेल पाझरलं तरी धूर निघत नाही, पण गाडी जोरात पळवली की तो लाल होतो. बोल्ट निघाला असता तर इंजिनचं तेल जोरानं थेट त्याच्यावर पडून पेटलं असतं. आष्टीच्या रस्त्यावर, मोकळ्या जागी, मी अण्णांना पंखा दाखवत असताना, आणि त्यांच्या बाजूचं दार आतून उघडत नसताना.

सतरा नंबरच्या पान्यावर अजून हळद होती. त्यानं बोल्ट आवळला. उरलेली गिनती पहिल्या कामापर्यंत पूर्ण केली. मग किल्ली फिरवली, आणि गाडी अर्ध्या किल्लीत सुरू झाली.

"धक्क्याचं नाव काढलं की घाबरली," लाहोटी काका म्हणाले. सगळे हसले. मी इंजिन बंद केलं, अण्णांना हाताला धरून उतरवलं आणि आम्ही आष्टीला बसनं गेलो. 

आता ज्या कारणासाठी हे इथं लिहिलं ते. त्या बोल्टाचा आणि इंजिन सुरू होण्याचा काहीही संबंध नाही. तिथं वायर नाही, सेन्सर नाही. तेल नसलं तरी ही गाडी सुरू होते, तिला कळतच नाही. तरी मी खात्री करून घेतली. दुसऱ्या दिवशी गाडी अंगणाच्या मधोमध आणली, वाळूच्या दोन बादल्या भरल्या, कुणाला जवळ येऊ दिलं नाही. इंजिन गरम केलं, बंद केलं, बोल्ट तसाच बोटानं फिरेल इतका सैल केला आणि किल्ली फिरवली. लगेच सुरू झाली. पाच-सहा सेकंदांत तेल पाईपवर उडालं आणि बॉनेटमधून पांढऱ्या धुराचा लोट निघाला. मी बंद केली. पुन्हा एकदा केलं. पुन्हा लगेच सुरू झाली. तिसऱ्यांदा करायची हिंमत झाली नाही.

कारखान्यातला माझा एक मित्र म्हणतो, चाचपडताना एखाद्या ढिल्या कनेक्टरला हात लागून तो बसला असेल. असेल. मी त्याला लॅपटॉपची नोंद दाखवली. दोन तासांत एकही सिग्नल तुटलेला नाही. त्यानं ती बघितली आणि चहा मागवला. मला कुणी दिसलं नाही, आवाज आला नाही. गाडी दोन तास सुरू झाली नाही, एवढंच. का, ते मला सांगता येत नाही. त्या दिवसापासून झोप मात्र चांगली लागते.

चाचा आता नांदेडला मुलीकडे, रुखसानाकडे असतात. त्यांना फोनवर ऐकू येत नाही, म्हणून पत्र पाठवलं. तेच खाली देतो.

"चाचा, सलाम.

रुखसाना वाचून दाखवेल. तिला सांगा, सावकाश वाच.

आम्ही सगळे खुशाल आहोत. हे मी आधी लिहितो, कारण पुढचं ऐकून तुम्ही घाबराल. दसऱ्याला मी टर्बोचा तेलाचा बोल्ट ढिला ठेवून अण्णांना गाडीत बसवलं होतं. तुम्ही शिकवलेली उलटी गिनती मी तीन वर्षं केलेली नव्हती. कारखान्यात एकदा केली, तर कुणीतरी विचारलं की मंत्र म्हणून राह्यला का. तेव्हापासून सोडली. चूक झाली. त्या दिवशी गाडी सुरू झाली नाही म्हणून गिनती पुन्हा केली, नाहीतर हे पत्र वेगळं असतं.

गाडी का अडली ते मला सापडलं नाही. तुम्हाला काही सुचलं तर कळवा. नाही सुचलं तरी चालेल. मी आता कारखान्यात मोठ्यानं गिनती करतो. दोन पोरं हसली. तिसरा करायला लागलाय.

दाराची मूठ मी स्वतः लोखंडाची बनवून बसवली. अण्णांकडून दहा वेळा उघडून घेतली. मंगच त्यांना परवा फिरवून आणलं. हळू नेली. त्यांनी सगळी जिंदगी ट्रकमागं पोत्यांवर बसून रस्ता मागं जाताना बघितला. ह्या वेळी म्हणाले, संतू, रस्ता समोरून येताना लई मोठा दिसतो.

आत्ता ते बाजूला बसलेत. विचारून राह्यले, मी पुढच्या सीटवर बसल्तो हे चाचाला लिव्हलं का.

लिव्हलं म्हणालो.

तुमचा,
संतोष"