निकालानंतर चौथ्या दिवशी

आज भाचीच्या घटस्फोटाच्या कागदांवर सह्या व्हायच्या होत्या. ‘नवरा विम्यावर मुलीचं नाव कायम ठेवील’ हे वाक्य वाचलं आणि मी तिला थांबवलं. सगळे चिडलेत माझ्यावर, म्हणून इथे लिहितेय.

पंच्याऐंशीच्या सुमारास रत्नागिरीच्या कोर्टात आईशी घटस्फोट घेताना माझ्या बाबांनी हेच लिहून दिलं होतं. त्या भरवशावर आईने पोटगी सोडली आणि मांडवीला शिवणकाम करून मला वाढवलं. तीन वर्षांनी बाबा मुंबईत वारले. कोर्टाचा कागद घेऊन आम्ही दोघी विमा कचेरीत गेलो.

कारकून म्हणाला, “बाई, मुलीचं नाव कधीच काढलंय. पैसे दुसऱ्या पत्नीला गेले.”

“कधी काढलं?”

“निकालानंतर चौथ्या दिवशी.”

वकील म्हणाले, खटला दहा वर्षं चालेल. आईने काकांना विचारलं, “भावजी, तुम्हाला ठाऊक होतं?”

“वैनी, नाव काढायच्या अर्जावर साक्षीदार मीच होतो,” काका शांतपणे म्हणाले.

मी तेव्हा दहावीत होते. घरी येऊन आई म्हणाली, “उद्यापासून शाळा नको. काजूच्या कारखान्यात बायका घेतायत.”

आज मी भाचीच्या नवऱ्याला म्हटलं, सहीआधी पॉलिसीच मुलीच्या नावावर करून द्या. तो उठून गेला.

तुमच्याकडे असा कागद असेल, तर विमा कचेरीत जाऊन नाव शेवटचं कधी तपासलंत?