भरतीची वीज

भरतीच्या पाण्यावर वीज बनते ही थाप माझी. आजवर कुणालाच बोललो नाही. बायकोलाही वाटतं, तिच्या वडिलांनीच काहीतरी भलतं समजून घेतलं.

समुद्रकाठच्या एका अणुवीज केंद्रात मी नोकरीला होतो. किरणोत्सार मोजणारा बिल्ला छातीला लावायचा आणि पाळीभर काटे बघत बसायचं. पिंगळीला मुलगी बघायला गेलो तेव्हा रशियातलं अणुकेंद्र फुटल्याची बातमी रेडिओवर ताजी होती. अणूवाल्यांना पोरं होत नाहीत, असं मध्यस्थानं वाटेतच ऐकवलं. मुलगी तर मला लय आवडली.

तिच्या वडिलांनी ओट्यावर विचारलं, "तुमची वीज कशावर बनती?"

"पाण्यावर."

हे खोटं नव्हतं. युरेनियमच्या उष्णतेनं पाणी उकळायचं, वाफेनं चाक फिरवायचं, एवढाच आमचा कारभार. पण गृहस्थानं येलदरीचं धरण आणि उंचावरून पडणाऱ्या पाण्यावर तिथं बनणारी वीज पाहिलेली.

"समुद्राचं पाणी पडतं कुठून, पाव्हणं?"

"भरतीला चाक इकडून फिरतं," मी म्हणून गेलो, "ओहोटीला तिकडून."

लग्न ठरलं.

पुढं मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ते चाक गावभर फिरवलं. पारावर मातीत काडीनं आकृती काढून ते समजावून सांगत. लाईट जाऊन विहिरीवरची मोटार बंद पडली की शेजारी बांधावरून त्यांना विचारायचा, "तात्या, ओहोटी लागली का?"

मग एका दिवाळीत परभणीच्या कॉलेजात शिकणाऱ्या मेहुण्यानं पारावर सगळ्यांना अणू फोडून दाखवला. समुद्राचा त्यात संबंध फक्त यंत्रं थंड ठेवण्यापुरता, म्हणाला. सगळा पार हसायला लागला. समुद्राला चाकाचा पट्टा कुठं बसवला, असंही कुणी विचारलं. मामांनी माझ्याकडं पाहिलं. मी चहाच्या कपात बघत राहिलो.

"माझीच समज कच्ची," ते म्हणाले. "जावयानं बरोबरच सांगितलं आसंल."

घराकडं येताना आमची दोन्ही पोरं त्यांच्या बोटांना धरून होती. ते हळूच म्हणाले, "नातवंडं बघितली. आता समुद्र कसाबी फिरू द्या."

म्हणजे त्यांना कळलं होतं.

अजून लाईट गेली की पारावर त्यांनाच ओहोटीचं विचारतात, आणि तेही हसण्यात सामील होतात. त्याच पारावर, सगळ्यांदेखत, "ते मी सांगितलं होतं" एवढं एक वाक्य मी त्यांचं देणं लागतो.