समजलं का, गयामावशी?

"पोकळी निर्माण झाली" असं मी लिहिणार नाही.

लिहिलं, तर बनसोडे सर असतील तिथं लाल पेन उघडून बसतील.

आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं.

सर आमच्या धाराशिवला सरकारी माहिती खात्यात होते. माझे सीनियर. झेंडावंदन असो, उद्घाटन असो की शोकसभा, कलेक्टर साहेबांचं भाषण सरच लिहायचे. अख्ख्या जिल्ह्यानं त्यांचे शब्द ऐकले. नाव मात्र कुणाला माहीत नाही.

मी नवीन असताना पहिलं भाषण लिहून त्यांच्यापुढं ठेवलं.

"जलसंधारणाच्या माध्यमातून शाश्वत विकास साधण्यास प्रशासन कटिबद्ध आहे."

स्वतःवर जाम खूश होते मी.

सर म्हणाले, "चला मॅडम, चहा घेऊ."

गेटबाहेर गयामावशीचं हॉटेल. हॉटेल म्हणजे चार पत्रे, एक स्टोव्ह आणि मावशीचं तोंड.

"वाचा आता. मोठ्यानं."

मी वाचलं. मावशी चहा गाळता गाळता थांबली.

"म्हंजी काय ओ म्याडम?"

"म्हणजे... पाणी अडवायचं, मावशी."

"मंग तसं म्हना की! तुमाला कुनी अडवलंय?"

सर इतके हसले की चहा शर्टावर सांडला.

त्या वर्षी झेंडावंदनाला साहेब म्हणाले, "यंदा गावाचं पाणी गावातच अडवायचं." टाळ्यांचा कडकडाट झाला. मी हवेत!

सर कानात म्हणाले, "टाळ्या साहेबांच्या. आपला फक्त चहा."

आणि त्यात ते खरंच सुखी होते. राग मला यायचा.

शोकसंदेशाच्या बाबतीत तर विचारूच नका. सर म्हणायचे, "पोकळी? किती फूट?" "भावपूर्ण लिहावं लागतंय, म्हणजे भाव कमी पडला. त्या माणसानं काय केलं, तेवढं लिहा."

मागच्या वर्षी सर गेले, आणि दुसऱ्याच दिवशी ऑफिसात फोन आला. दुपारी शोकसभा आहे, साहेबांसाठी चार ओळी पाठवा.

काम माझ्याकडं आलं.

साहेबांच्या भाषणात सरांचं नाव पहिल्यांदा येणार होतं. पहिल्यांदा आणि शेवटचं. ते धड यायला हवं होतं.

तासभर लिहिलं, खोडलं. शेवटी डोळे पुसत गेटबाहेर गेले.

"काय लिवलं?" मावशीनं विचारलं.

"काहीच सुचंना."

तिनं स्टोव्ह बंद केला. "आधी सरकारी बोलनं सुरू झालं की म्या उठून जायची. वाटायचं, हे काय आपल्यासाठी न्हाय. सर लिवायला लागले तवापासून बसून ऐकतीय."

मी पळत आत गेले.

दुपारी साहेबांनी जसंच्या तसं वाचलं: "सरकारी भाषण सुरू झालं की लोक उठून जायचे. बनसोडेंनी त्यांना बसवलं."

हॉल भरलेला होता. गयामावशी शेवटच्या रांगेत, खुर्चीवर, पदर सावरून बसली होती. संपेपर्यंत हलली नाही.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "समजलं का, मावशी?"

"सगळं समजलं," ती म्हणाली. "सरांनी पास केलं आसतं."

म्हणून आज वर्षानं आठवण काढताना रडू येत नाही. बरं वाटतंय.

सर, तुम्हाला श्रद्धांजली.

नुसती.